रिव्हॉल्व्हर ऐन वेळी अडकतं : दोष खरंच आतल्या कुलपाचा आहे का?

अमेरिकेत रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. रेंजवर दोन-तीन गोळ्या नीट सुटतात आणि मग चाप जागचा हलत नाही. घोडा अंगठ्याने मागे ओढायला जावं, तर तोही ढिम्म. घरी आणून किल्ली इकडे-तिकडे फिरवली की सगळं सुरळीत. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, "अरे, ते आतलं कुलूप काढून टाक. सगळेच काढतात." आतलं कुलूप म्हणजे रिव्हॉल्व्हर नुसतं ठेवून द्यायचं असताना किल्लीने घोडा आणि चाप अडवून ठेवणारं, कंपनीनेच आत बसवलेलं कुलूप.

मी इथल्या एका रेंजवर हौस म्हणून सुरक्षा देखरेखीचं काम करतो, त्यामुळे अडकलेली रिव्हॉल्व्हरं बघण्याचा योग वरचेवर येतो. त्यातली बहुतेक कुलपामुळे अडकलेली नसतात. कुलपावर राग असतो, म्हणून खापर त्याच्यावर फुटतं. त्यामुळे आधी दोष कशाचा ते ठरवू, उपाय मग बघू. कुलूप काढावं की नाही हा प्रश्न शेवटी घेऊ, कारण तो यंत्राचा कमी आणि कायद्याचा जास्त आहे.

कोणती रिव्हॉल्व्हरं

तक्रारी मुख्यतः स्मिथ अँड वेसनच्या २००१ नंतरच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल असतात. डाव्या बाजूला, सिलेंडर उघडायच्या खटक्याच्या जरा वर एक लहान गोल भोक दिसत असेल, तर तुमच्याकडे आतलं कुलूप आहे. सोबत मिळालेली दोन दातांची छोटी किल्ली त्यात बसते. भोकच नसेल, म्हणजे रिव्हॉल्व्हर जुनं असेल किंवा कंपनीने कुलपाविना विकलेलं असेल, तर कुलपाचा विषय इथेच संपला. फक्त 'इतर संशयित' वाचा.

टॉरसच्या कुलूपवाल्या रिव्हॉल्व्हरांत किल्लीची जागा घोड्याच्या पाठीवर असते. रुगरने एलसीआरसारख्या काही मॉडेलांत कुलूप मुठीच्या आवरणाखाली दडवलंय, मूठ काढल्याशिवाय ते दिसतही नाही. अनेक मालकांना ते आहे हेच माहीत नसतं. कोल्टने २०२० मध्ये पायथन पुन्हा बाजारात आणलं ते किल्लीच्या कुलपाविना.

अडकल्या क्षणी काय करायचं

नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवा. बोट चापावरून काढा. मागे वळून मित्राला "हे बघ रे" म्हणून दाखवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वात धोकादायक क्षण. सिलेंडरमध्ये अजून जिवंत काडतुसं आहेत, आणि जे आत्ता अडकलंय ते कधी सुटेल याचा भरवसा नाही.

'टक' असा आवाज होऊन गोळी सुटली नसेल, तर किमान तीस सेकंद तसंच धरून ठेवा. क्वचित काडतूस उशिरा पेटतं. शेवटची गोळी फुसकी वाजली असेल, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला असेल, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत किंवा नळी आणि सिलेंडर यांच्या सांध्यात अडकलेली असू शकते. तशात जोर लावून पुढची गोळी उडवली तर नळी फुटते, आणि समोर हात तुमचाच असतो. रेंजवरच्या अधिकाऱ्याला हाक मारा. चाप जोरजोरात ओढणं, घोड्यावर काहीतरी ठोकणं, सिलेंडर पिळून फिरवणं यातलं काहीही करू नका. एक तर धोका, आणि दुसरं म्हणजे दोष कशाचा होता हे सांगणारा पुरावा त्यात जातो.

कुलूपच आहे का, हे कसं ओळखायचं

आतली रचना साधी आहे. किल्ली फिरवली की एक लहान चकती फिरते आणि घोड्याच्या डाव्या अंगाला असलेलं एक पातं वर उचलते. त्या पात्याला बारीक उंचवटा असतो, तो घोड्याच्या खोबणीत जाऊन बसतो. घोडा अडला की चापही अडतो. पातं वर आल्यावर घोड्याशेजारी इंग्रजीत कोरलेलं 'लॉक्ड' दिसतं. पातं खाली राहावं म्हणून आत एक नाजूक स्प्रिंग असते.

म्हणून सगळ्यात आधी घोड्याची डावी बाजू बघा. पातं वर आहे का? अर्धवट वर आहे का? शक्य असेल तर, नळी लक्ष्याकडेच असताना, शेजारच्या कोणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. किल्ली फिरवण्याआधीचा हा फोटो पुढे कंपनीशी बोलताना फार उपयोगी पडतो. किल्ली फिरवली की पुरावा पुसला.

मग किल्लीची चकती बघा. चकती 'उघडं' दाखवते आणि पातं मात्र वर आलंय, असं असेल तर कुलूप आपोआप लागलंय, हा खरा दोष. चकतीच अर्धवट फिरलेली असेल तर कोणीतरी किल्लीशी खेळलंय, किंवा मागच्या वेळी उघडताना ती पूर्ण फिरवली गेली नाही. हे दुसरं कारण दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त आढळतं. घोडा आत झाकलेल्या, खिशात ठेवण्याच्या मॉडेलांत पातं बाहेरून दिसत नाही. तिथे चकती आणि किल्लीवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

आणखी एक खूण. घोडा खाली बसलेला आहे, सिलेंडर सहज उघडतो, पण बंद केल्यावर चाप हलत नाही, तर संशय कुलपावर घ्या. सिलेंडर फिरत नाही, उघडतही नाही, किंवा फिरताना घासतो, तर कुलूप बहुतेक निर्दोष आहे. अडचण सिलेंडरच्या पुढे किंवा मागे कुठेतरी आहे.

नव्या मालकांचा एक गोंधळ इथेच सांगतो. स्मिथच्या रिव्हॉल्व्हरात सिलेंडर उघडा असताना घोडा चढत नाही. तो दोष नाही, ती मुद्दाम केलेली रचना आहे. "रिकामं करून घरी तपासलं, तरी अडकतंय" असं सांगणाऱ्या दोघांचं प्रकरण माझ्यासमोर एवढ्यावर मिटलं.

इतर संशयित

एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखालचा कचरा. माझ्या अनुभवात हा पहिल्या क्रमांकाचा गुन्हेगार. न जळलेल्या दारूचे बारीक कण चांदणीखाली अडकतात, चांदणी केसभर वर राहते आणि काडतुसं मागच्या फ्रेमला घासायला लागतात. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करून दांडा एकदाच, पण दणक्यात दाबला तर कण खाली पडतात. नळी जमिनीकडे ठेवून हळूहळू दाबत राहिलात तर ते नेमके चांदणीखाली जाऊन बसतात. जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा.

सैल झालेला दांडा. सिलेंडरच्या मधून नळीखाली पुढे येणारा, पुंगळ्या ढकलायचा हा दांडा आट्यांवर बसवलेला असतो. तो हळूहळू सुटतो, लांबी वाढते, आणि सिलेंडर उघडेनासा होतो. एरवी उत्तम चालणारं रिव्हॉल्व्हर गरम झाल्यावर अडकायला लागलं, तर आधी दांडा बोटाने चाचपा. आताच्या स्मिथमध्ये त्याचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. माहीत नसताना पक्कड घेऊन बसू नका, घट्ट करायच्या नादात अजून सैल कराल.

पुढे सरकलेली गोळी. हलक्या रिव्हॉल्व्हरात हे फार होतं आणि कुलपाच्या दोषाशी याची सर्वात जास्त गल्लत होते, कारण दोन्हींचं मूळ एकच : धक्का. बंदूक जोरात मागे येते, न उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तिच्यासोबत मागे येतात, पण गोळी जडत्वाने जागीच राहू बघते. दोन-तीन धक्क्यांनंतर ती पुंगळीतून बाहेर डोकावते, सिलेंडरच्या तोंडापुढे येते आणि फ्रेमला अडते. तपासायची रीत सोपी आहे. सिलेंडर भरा, एक सोडून बाकीच्या उडवा, उरलेलं काडतूस काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. दुसऱ्या बनावटीचं घ्या, ज्याची गोळी पुंगळीत घट्ट आवळलेली असते.

वर आलेला प्रायमर. घरी काडतुसं भरणाऱ्यांचा हा आजार. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी. ती पुरेशी आत बसली नाही की काडतुसाचं बूड फ्रेमला घासतं. भरलेल्या काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवलं की कळतं.

मुठीच्या पुढच्या बाजूचा स्क्रू सैल असेल तर घोडा मऊ पडतो, 'टक' होतं पण गोळी उडत नाही. हे अडकणं नव्हे, पण "कुलपामुळे घोडा नीट पडत नाही" म्हणून ज्या तक्रारी येतात त्यात हा स्क्रू असतो. मूठ बदलताना कोणीतरी तो सैल केलेला असतो, बहुधा चाप हलका व्हावा म्हणून.

कुलूपच निघालं तर

कुलूप आपोआप लागल्याचे खरे प्रकार घडलेले आहेत, त्यावर लिहिलंही गेलंय. त्या तक्रारींना एक ठरावीक चेहरा आहे : हलकी फ्रेम आणि जबरदस्त काडतूस. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची फ्रेम आणि टायटॅनियमचा सिलेंडर असलेलं स्मिथचं ३४० पीडी साधारण ३४० ग्रॅमचं आहे आणि त्यात .३५७ मॅग्नम जातं. ३२९ पीडी जेमतेम ७०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात .४४ मॅग्नम. तेच .३५७ काडतूस स्मिथच्याच पोलादी ६८६ मधून उडवलं तर मागे येणारं वजन किलोभराहून जास्त असतं. संवेग तोच, वजन एक तृतीयांशापेक्षा कमी, म्हणजे बंदूक मागे येण्याचा वेग तिपटीहून अधिक. एवढ्या झटक्यात सगळी बंदूक मागे जाते आणि स्प्रिंगवर टेकलेलं ते चिमुकलं पातं जागेवर राहायला बघतं. स्प्रिंग अशक्त असेल, जागी नीट बसलेली नसेल किंवा सुकलेल्या तेलाच्या चिकट थरात पातं अडखळत असेल, तर ते वर सरकून घोड्याला भिडू शकतं.

यावरून माझं मत असं, की पोलादी रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल हे मॅग्नमपेक्षा सौम्य काडतूस उडवणाऱ्याने कुलपाच्या भीतीने झोप घालवू नये. साडेतीनशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरात पूर्ण ताकदीचं मॅग्नम भरून ते स्वसंरक्षणासाठी खिशात बाळगणाऱ्याने मात्र हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा. त्याच्यासाठी पहिला उपाय फुकटात आहे : त्याच रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल प्लस-पी, म्हणजे थोड्या जादा दाबाचं .३८, वापरा. धक्का खूप कमी होतो, दुसरी गोळी लक्ष्यावर लवकर येते, गोळी सरकण्याचा त्रासही घटतो. मॅग्नमचा कान फाडणारा आवाज आणि डोळे दिपवणारा जाळ यांच्यापलीकडे इतक्या छोट्या नळीतून फारसं काही हाती लागत नाही.

दुसरा उपाय कंपनी. चाप-घोड्याच्या यंत्रणेचं आवरण घरी उघडू नका. ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून कडा वाकवलेली रिव्हॉल्व्हरं मी पाहिलीत, आणि त्यानंतरचा आजार मूळ आजारापेक्षा वाईट असतो. ग्राहकसेवेला फोन करा, फोटो पाठवा. कोणत्या बनावटीचं काडतूस, गोळीचं वजन किती, कितव्या गोळीला अडकलं, चकती कुठल्या स्थितीत होती, एवढं लिहून द्या. "तुमचं कुलूप बेकार आहे" या तक्रारीला "आम्हाला काही आढळलं नाही" असं उत्तर येतं. नेमक्या नोंदीला तसं उत्तर देणं जड जातं.

दुरुस्त होऊन आल्यावर थेट कमरेला लावू नका. जे काडतूस बाळगणार आहात तेच, पन्नासचा एक खोका तरी उडवा, त्यातली काही एका हाताने. पकड सैल असताना धक्का वेगळा बसतो.

त्यानंतरही पुन्हा कुलूप लागलं, तर ते रिव्हॉल्व्हर रेंजपुरतं ठेवा आणि बाळगायला कुलूप नसलेलं घ्या. स्मिथनेच ४४२ आणि ६४२ ही मॉडेलं कुलपाविनाही विकायला काढली, आणि २०२४ मध्ये आलेली 'अल्टिमेट कॅरी' मालिकाही कुलपाविना आहे. कंपनी स्वतः कुलूप नसलेलं विकत असताना तुम्ही कुलूपवालं उचकटत का बसावं?

हे कुलूप आलं कुठून

याचं उत्तर माहीत असलं की लोकांचा राग कळतो. १७ मार्च २००० रोजी स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारबरोबर एक करार केला. शहरांनी बंदूक कंपन्यांवर लावलेल्या दाव्यांचा तो काळ. करारातल्या अटींपैकी एक अशी, की आधी प्रत्येक बंदुकीसोबत बाहेरचं कुलूप द्यायचं आणि दोन वर्षांत आतलं कुलूप बसवायचं. बंदूकधारकांनी या कंपनीवर बहिष्कार टाकला आणि विक्री कोसळली. टॉमकिन्स या ब्रिटिश मालक कंपनीने १९८७ मध्ये अकरा कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलेली स्मिथ मे २००१ मध्ये दीड कोटी डॉलरना, वर कर्जाचा बोजा घेणाऱ्याच्या गळ्यात घालून, विकून टाकली. घेणारी होती ॲरिझोनातली सेफ-टी-हॅमर, जिचा धंदाच बंदुकीच्या कुलपांचा. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं, कराराची अंमलबजावणी बारगळली, कुलूप मात्र फ्रेममध्ये राहिलं. त्या भोकाला बंदूकवाल्यांनी 'हिलरी होल' असं नाव ठेवलं.

म्हणून इंटरनेटवर कुलपाबद्दल जे वाचाल त्यात स्प्रिंगवरचा राग किती आणि २००० सालच्या करारावरचा किती, हे वेगळं करून वाचा. ज्या तक्रारीत मॉडेल, काडतूस आणि पात्याची स्थिती सांगितलेली नाही, तिला मी राजकारणाच्या खात्यात टाकतो.

दोष असेल तर सरकार परत मागवत का नाही?

हा प्रश्न भारतातून आलेल्या माणसाला हटकून पडतो. इथे ग्राहक वस्तूंच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारा एक आयोग आहे. पाळणे, टोस्टर, खेळणी परत मागवायला लावतो तोच. १९७२ च्या ज्या कायद्याने तो जन्मला, त्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. परिणाम मोठा गमतीदार आहे. बंदुकीला बाहेरून लावायचं सुटं कुलूप ही ग्राहक वस्तू ठरते. २००१ च्या फेब्रुवारीत, 'प्रोजेक्ट होमसेफ' या मोहिमेत वाटलेली सुमारे चार लाख सुटी कुलपं उघडतात असं दिसल्यावर आयोगाच्या घोषणेने ती परत मागवली गेली. तेच कुलूप फ्रेमच्या आत बसवलं की ते बंदुकीचा भाग होतं आणि आयोगाच्या कक्षेबाहेर जातं. मग परत मागवायचं की नाही हे कंपनीने ठरवायचं.

कंपनीवर दावा लावता येतो का? २००५ च्या फेडरल कायद्याने बंदूक कंपन्यांना अनेक दाव्यांपासून संरक्षण दिलंय, पण रचनेतल्या किंवा बनावटीतल्या दोषामुळे थेट इजा झाली तर त्यासाठी अपवाद ठेवलेला आहे. म्हणजे दार बंद नाही. पण बंदुकीत तुम्ही स्वतः फेरफार केलेला असेल, तर "दोष आमचा नाही, फेरफाराचा" हे कंपनीच्या वकिलाचं पहिलं वाक्य असेल.

मग काढावं का?

स्वतःच्या रिव्हॉल्व्हरातलं कुलूप काढणं हा फेडरल कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. त्यामुळे "काढलं तर तुरुंगात जाशील" म्हणणाराही चूक आणि "काही फरक पडत नाही" म्हणणाराही चूक. कसं काढायचं ते मी इथे लिहिणार नाही. काढू नये असं माझं मत आहे, आणि त्याची कारणं ही.

समजा स्वसंरक्षणात गोळी झाडावी लागली आणि प्रकरण कोर्टात गेलं. समोरचा वकील ज्यूरीला सांगणार, "उत्पादकाने बसवलेलं सुरक्षा साधन या माणसाने मुद्दाम निकामी केलं." तुमचा वकील समजावून सांगेल, की ते साठवणीचं कुलूप होतं, गोळी चुकून सुटण्याशी त्याचा संबंध नाही. बाजू खरी आहे. पण ती ज्यूरीतल्या बारा अनोळखी माणसांना पटवायला तज्ज्ञ साक्षीदार लागतो, आणि त्याचं बिल तुमच्या नावाने येतं. अपघात होऊन दिवाणी दावा आला तर अवस्था आणखी बिकट.

दुसरं, कुलूप तुमच्या बाजूनेही उभं राहू शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. २००५ च्या त्याच कायद्याने परवानाधारक विक्रेत्यावर प्रत्येक पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसोबत कुलूप किंवा साठवणीचं साधन देण्याची सक्ती केली आणि मालकालाही एक कवच दिलं. बंदूक कायदेशीरपणे तुमच्या ताब्यात आहे, सुरक्षा साधन लावून ती निकामी करून ठेवलेली आहे, आणि कोणीतरी परवानगीविना ती मिळवून गुन्हा केला, तर त्या गैरवापरासाठीच्या दिवाणी दाव्यातून मालक सहसा सुटतो. 'लावून' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. कुलूप आहे पण लावलेलं नाही, तर कवचही नाही.

तिसरं राज्याराज्याचं. मेरीलँडमध्ये २००२ नंतर बनलेली पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं दुकानदाराने विकायची असतील तर त्यात आतलं कुलूप असावंच लागतं. बाल्टिमोर किंवा रॉकव्हिलला राहणाऱ्याने कुलूप काढलं, तर पुढे ते दुकानात विकायला नेल्यावर अडचण येणार हे गृहीत धरा. कुलूप नसलेली नवी मॉडेलं तिथल्या दुकानांत सहजी का दिसत नाहीत, याचं उत्तरही हेच. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक अंगावर किंवा ताब्यात नसेल, तर ती कुलूपबंद पेटीत किंवा छेडछाडीला दाद न देणारं कुलूप लावून ठेवावी लागते. न्यू जर्सीत भरलेली बंदूक अल्पवयीनांच्या हाती लागू शकेल अशी ठेवणं गुन्हा आहे. पेटी, खरोखर सुरक्षित जागा किंवा चापाचं कुलूप, यातलं काहीतरी हवं.

"पण सुप्रीम कोर्टाने कुलपाची सक्ती उडवली ना?" उडवली, पण एका ठरावीक सक्तीपुरती. २००८ च्या हेलर खटल्यात वॉशिंग्टन डीसीचा जो नियम रद्द झाला, त्यात घरातली बंदूक सदैव सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी लागे, म्हणजे स्वसंरक्षणासाठी ती कधीच तयार ठेवता येत नसे. बंदूक कोणाच्याही ताब्यात नसताना ती बंद करून ठेवा असं सांगणारे राज्यांचे नियम त्या निकालाने आपोआप गेले नाहीत.

किल्लीबद्दल थोडं

स्मिथच्या या कुलपांची किल्ली प्रत्येक रिव्हॉल्व्हरला वेगळी नसते. शेजाऱ्याकडे स्मिथ असेल तर त्याची किल्ली तुमच्या रिव्हॉल्व्हरला लागते. म्हणून चोराविरुद्ध या कुलपाचा उपयोग नाही, आणि दहा वर्षांचं चौकस पोर स्वयंपाकघराच्या खणातली किल्ली शोधून ते उघडू शकतं. दिवाळीला, गणपतीला घर पाहुण्यांनी भरतं, मुलं सगळ्या खोल्यांतून धावत असतात, पर्सा आणि जॅकेटं पलंगावर पडलेली असतात. त्या दिवशी भरवसा पलंगाखालच्या स्क्रूने जखडलेल्या पोलादी पेटीवर ठेवा. आतलं कुलूप लावायचं तर जरूर लावा, पण आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून. भरलेलं असतानाही ते लागतं, आणि तेच त्यातलं सर्वात फसवं आहे. मोकळी किल्ली त्या पेटीतच ठेवू नका.

दुरुस्तीला पाठवताना आणि तपासून घेताना

दुरुस्तीसाठी तुम्ही स्वतः ते कंपनीकडे पाठवू शकता आणि कंपनी थेट तुमच्या पत्त्यावर परत करू शकते. मध्ये दुकानदार असायलाच हवा असं फेडरल कायदा म्हणत नाही. टपाल कार्यालयात मात्र पाकीट घेऊन जाऊ नका. कंपनीकडून कुरिअरचं लेबल मागून घ्या आणि त्यावरच्या सूचना पाळा. आत एकही काडतूस नको, नमुन्यादाखलही नको. मुठीचं महागडं आवरण, लेझर वगैरे काढून घरी ठेवा.

परत आलेलं रिव्हॉल्व्हर कोणाच्या हातात देता याकडेही लक्ष असू द्या. एच-वन-बीवर असलेला चुलतभाऊ किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेले काका हौसेने म्हणतात, "दे, मी पण दोन उडवून बघतो." बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं ताब्यात घेता येत नाहीत, अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं अशा मोजक्या अपवादांखाली ते चालतं. रेंजवर मिनिटभर हातात घेणंही 'ताब्यात' धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी लागू नाही. तेव्हा चाचणीचा तो पन्नासचा खोका स्वतःच संपवा, आणि काकांना कानाला संरक्षण लावून रेषेच्या मागे खुर्ची द्या.